डाव्या हाताचं पाणी

वडील गेले तेव्हा माझा उजवा हात कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत ॲल्युमिनियमच्या एका पट्टीवर बांधलेला होता. बारा दिवसांपूर्वी तो कापला होता, त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच पुस्तकांच्या कपाटाच्या काचेने. त्यांनी कायद्याचा एक जुना खंड काढून द्यायला सांगितलं, काचेचं दार अडकलं, मी ओढलं. मलकपेठेतल्या आमच्या घरात ते दार कायमच अडकायचं आणि सगळेच ते ओढायचे. त्या दिवशी काच फुटली आणि एक तुकडा तळहातात खोल शिरला.

वडील आयुष्यभर कोर्टात उर्दू दस्तऐवजांचे इंग्रजी तर्जुमे करत होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी रोज सकाळी टेबलाशी बसत. तो खंड त्यांना कशासाठी हवा होता, हे विचारायचं राहून गेलं. पुढचे नऊ दिवस ते मला फक्त हाताबद्दल विचारत राहिले. "बोट हलतंय का?" आणि मी म्हणायचो, "हलवायचं नाहीये अजून." मग त्यांना न्यूमोनिया झाला आणि तीन दिवसांत सगळं संपलं.

काचेने माझी तर्जनी वाकवणारी दोरी तोडली होती. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या या दोरीला पुस्तकात कंडरा म्हणतात. आमच्या घरात सगळे तिला नसच म्हणत राहिले. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, दुसऱ्यांच्या चुका सुधारणं हा माझा धंदा. पण तिथे मी गप्प बसलो. सरकारी दवाखान्यात सर्जननी ती दोन टोकं शोधून टाक्यांनी जोडली आणि मला सुलतान बाजारात एका बाईंकडे पाठवलं. कापडाच्या दुकानांवरच्या मजल्यावर, जिथे पूर्वी टाइपरायटिंगचे वर्ग चालायचे, तिथे त्यांनी फिजिओथेरपीसाठी दोन खोल्या घेतल्या होत्या. टाइपरायटर शिकायला आता कुणी येत नव्हतं, सगळ्यांना कॉम्प्युटर शिकायचा होता. भिंतीवर अक्षरांच्या जागा दाखवणारा जुना तक्ता मात्र तसाच होता.

बाई माझ्याहून लहान, पस्तिशीच्या असतील. जुन्या शहरातल्या, बोलणं पक्कं दख्खनी. त्यांनी ॲल्युमिनियमची पट्टी स्वतः वाकवली, आत नमद्याचा मऊ थर लावला, खालच्या मोच्याकडून चामड्याचे तीन पट्टे शिवून घेतले आणि ती हाताच्या पाठीवर बांधली. मग माझ्या तर्जनीच्या नखावर ब्लाउजचा एक हूक चिकटवला. त्या हुकातून एक रबर बँड ओढून मनगटाजवळच्या सेफ्टी पिनेत अडकवला. बोट आपसूक तळहाताकडे ओढलं गेलं.

"रब्बर मोड़ता, तुम खोलते. इतनाच काम है, मास्टरसाब," त्या म्हणाल्या. "अपने ज़ोर से मोड़ना नक्को. छे हफ्ते. एक बार भी नक्को."

"टाके तर घातलेत ना?" मी विचारलं.

"टाँके खाली पकड़ के रखते. जोड़ता सो बदन जोड़ता."

मी पुस्तकाशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाही हे त्यांनी दुसऱ्या दिवशी ओळखलं असावं. त्यांनी कॉलेजात असतानाचं आपलं जाड पुस्तक मला वाचायला दिलं. डाव्या हाताने पानं उलटत मी ते इतिहासासारखं वाचलं. जखम झाली की आधी रक्त गोठतं. मग पांढऱ्या पेशी येतात आणि मेलेलं, तुटलेलं सगळं खाऊन साफ करतात. सूज आणि ऊब म्हणजे काही बिघडलेलं नसतं, तिथे काम चालू असतं. त्यानंतर विणणाऱ्या पेशी येतात आणि घाईघाईने धागे टाकतात. आडवेतिडवे, कसेही. गंमत अशी, की या साफसफाईत जोडलेली टोकं मऊ पडतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जोड पहिल्या दिवसापेक्षा कमजोर असतो. बाहेरून जखम बंद झालेली दिसते, माणसाला वाटतं आता झालं, आणि नेमकं तेव्हाच आत सगळं कच्चं असतं. पुढे कित्येक महिने ते धागे ताणाच्या दिशेने सरळ होत जातात. ताण मिळालाच नाही तर ते आजूबाजूला चिकटतात आणि बोट लाकडासारखं होतं. फार ताण पडला तर तुटतं. रबर बँडचं काम या दोन्हींच्या मधलं होतं.

हे सगळं मला माहीत होतं. वाचून, समजून, समासात पेन्सिलीने खुणा करून माहीत होतं. म्हणून पुढे जे झालं त्याचा दोष मी दुसऱ्या कुणाला देऊ शकत नाही.

दहाव्या दिवशी मुसी नदीच्या काठी ओट्यावर आम्ही बसलो होतो. गुरुजी, मी, आणि माझे काका. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, सचिवालयातून निवृत्त झालेले. घरात कुठलंही कार्य निघालं की यादी काकांची, आवाजही काकांचाच. मी धोतर नेसून, उपरणं घेऊन बसलो आणि त्यांची नजर हातावर गेली.

"हे काय?"

"पट्टी आहे, काका."

"पट्टी दिसतेय मला. शिवलेली आहे. अंगावर शिवलेलं चालत नाही, माहितीय ना? शर्ट काढून बसलास ना तू? आणि हे चामडं! बापाच्या पिंडाला चामडं लावणार आहेस?"

"सर्जननी सांगितलंय, सहा आठवडे..."

"मग बांध की परत, सहा आठवडे. मी दहा मिनिटांबद्दल बोलतोय."

गुरुजी हळूच म्हणाले, "आजारी माणसाला सूट असते. नाहीतर तुम्हीच करा, भाऊच आहात."

"मुलगा समोर बसलेला असताना मी करू?" काका गुरुजींवरच उखडले. "लोक विचारतील, मुलगा कुठे पिऊन पडलाय का?"

मी हसलो असतो, एरवी. वडीलही हसले असते. त्या दिवशी मी डाव्या हाताने पट्ट्यांची बकलं सोडायला लागलो. काकांनी जबरदस्ती केली असं नाही. मला स्वतःलाच वाटलं, की ज्यांच्या कपाटाची काच मी फोडली, ज्यांना शेवटचे बारा दिवस मी नुसती काळजी दिली, त्यांच्यासाठी दहा मिनिटं हात उघडा ठेवायला माझी काय हरकत असावी. शिकलेला माणूस असा विचार करतो. त्याला सगळं माहीत असतं आणि तरीही तो बकल सोडतो.

पितरांना पाणी सोडतात ते अंगठा आणि तर्जनीच्या मधून. तेवढं जमलं. मग भाताचा पिंड करायचा होता. भात गार होऊन घट्ट झाला होता. मी मूठ वळली.

दुखलं नाही. शर्टाचं बटण तुटताना दोरा जसा जातो तसं काहीतरी तळहातात आत गेलं. पिंड नीट वळला गेला होता. मी तो ठेवला आणि हाताकडे पाहिलं. तीन बोटं भाताभोवती होती तशी वाकलेली, आणि तर्जनी सरळ, कुणाला तरी काहीतरी दाखवत असल्यासारखी.

मी हात उपरण्याखाली घेतला. समोर कावळा आला. काका रडायला लागले, म्हणाले, "लगेच आला बघ, काही इच्छा राहिली नाही दादाची." त्यांच्या त्या समाधानात मी काय सांगणार होतो? चौदावा दिवस होईपर्यंत मी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. घरात माणसं होती, सुतक होतं, मी बाहेर पडत नव्हतो, रबर बँड परत लावून बसलो होतो. तो इमानदारीने एक मेलेलं बोट ओढत होता.

सुलतान बाजारात बाईंनी पट्टी सोडली, बोट धरलं आणि म्हणाल्या, "मोड़ो." काही झालं नाही.

"काइकू खोले?"

मी सांगितलं.

"तो बावा तुम्हारे पानी पी लिए, और उँगली खा लिए?" एवढं बोलून त्यांनी लगेच जीभ चावली. "माफ करना जी. मेरा मूँ ऐसाच है."

मला राग आला नाही. चौदा दिवसांत माझ्याशी खरं बोललेलं ते पहिलं माणूस होतं. बाकी सगळे सांगत होते, आराम कर. थोडे दिवस जाऊ देत, आपोआप सगळं बरं होईल. हाताबद्दल आणि वडिलांबद्दल एकाच वाक्यात सांगत होते. मी मान डोलवायचो. आतून मला ओरडावंसं वाटायचं, की आपोआप काय होतं ते मी वाचलंय. आपोआप गाठ होते. आपोआप सांधा धरतो. शरीर आपलं काम करतं हे खरं, पण त्याला दिशा कळत नाही. ती आपण द्यावी लागते, आणि द्यायची तर दुखतं.

सर्जननी तपासलं. टोकं आता मागे सरकली होती, ती परत जोडता येणार नव्हती. दुसरीकडची कंडरा काढून घालावी लागेल. "पण आधी सांधे सैल करून आणा," ते म्हणाले. "दुसऱ्या हाताने बोट पूर्ण वाकलं पाहिजे. नाहीतर नवी दोरी घालून उपयोग नाही." मग चिठ्ठी लिहिता लिहिता, "बरेच लोक इथेच सोडून देतात. एका बोटाशिवाय चालतं तसं."

कॉलेजातही हेच ऐकलं. विभागप्रमुख म्हणाले, आता कॉम्प्युटर येतायत, सर, डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करता येतं, लिहायचंय कुणाला. मला लिहायचं होतं. वडील तर्जुम्यांच्या वह्यांची चाळीस वर्षांची रास मागे ठेवून गेले होते. तिची सूची करायची होती, शाईच्या पेनाने, त्यांच्या वह्यांना शोभेल अशी. बाकी माझं कसंही चाललं असतं. हे मला चालवून घ्यायचं नव्हतं.

मध्ये एकदा काका मला कुकटपल्लीला घेऊन गेले. तिथे एक नवं सेंटर निघालं होतं. काचेचे दरवाजे, एसी, परदेशातून आणलेलं मशीन. हे मशीन आता आपल्याकडेही मिळतं याचा काकांना जणू स्वतः ते मंजूर केल्यासारखा अभिमान होता. "हात नुसता ठेवायचा. काही करायचं नाही, काही दुखायचं नाही. आत सगळं दुरुस्त होतं." मी गादीवर हात ठेवून पडलो. मशीन मंद गुणगुणलं, हात कोमट झाला, बरं वाटलं. दहा वेळा जाऊनही बोट जिथे होतं तिथेच. मशीनबद्दल मला तक्रार नाही. सूज थोडी उतरली असेलही. माझी तक्रार त्या "काही करायचं नाही"बद्दल होती.

मी सुलतान बाजारात परत गेलो. रोज कॉलेजनंतर, मलकपेठेहून बसने. आधी वितळलेल्या मेणात हात बुडवायचा. गरम मेणाचे थर चढतात, त्यांत सांधे जरा सैलावतात. मग बाई व्हॅसलिन लावून तळहातावरच्या वणावर अंगठा रोवायच्या आणि गोल गोल फिरवायच्या. "चिपका है अंदर. छुड़ाना." मग बोट धरून वाकवायचं, जिथे अडतं तिथे थांबायचं, श्वास घ्यायचा, अजून थोडं. घरी एका बादलीत तांदूळ भरून ठेवले होते, त्यात हात खुपसून चाळवायचा. बायको म्हणायची, "अहो, रात्रीच्या भाताला तेवढे सोडा." मी हसायचो. वडील गेल्यानंतर माझं पहिलं हसू बहुतेक त्या बादलीपाशीच होतं.

आठ महिने लागले. श्रावण, गणपती, दसरा, सगळे सण आमच्याकडे त्या वर्षी नव्हते; मला त्याचा फायदाच झाला, रोज वेळ मिळाला. कुणी भेटायला आलं की काका सांगायचे, बापाच्या जाण्याने बिचारा खचलाय, त्या बोटाच्या मागे लागलाय. मी खचलो नव्हतो. मला दुःख बरं करायचंच नव्हतं. ते माझं होतं, राहू दे. बोट मात्र मी सोडणार नव्हतो.

पुढे ऑपरेशन झालं. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवली की मनगटावर एक बारीक दोरी उठून दिसते. काही माणसांना ती नसते, आणि ज्यांना असते त्यांचंही तिच्यावाचून काही अडत नाही. मला होती. ती काढून बोटात घातली. अशी हलवलेली कंडरा आधी जवळजवळ मरते, हे मी वाचलेलं होतं. तिच्यातल्या जुन्या पेशी जातात, आजूबाजूच्या नव्या पेशी आत शिरून तिला आपली करतात, आणि हे चालू असताना ती सगळ्यात कच्ची असते.

वर्षश्राद्धाची तिथी ऑपरेशननंतर चोविसाव्या दिवशी आली.

सर्जननी तारीख दिली तेव्हाच बायकोने पंचांग पाहिलं होतं. म्हणाली, "पुढे ढकलता येणार नाही का?" मी नाही म्हणालो. बरे झालेले सांधे परत धरले असते. पण खरं सांगायचं तर मला ते तसंच हवं होतं.

श्राद्धाच्या सकाळी तिने एक कोरा पंचा फाडून पट्ट्या केल्या होत्या. "चामड्याऐवजी या बांधू. शिवण नाही, काकांना बोलायला जागा नाही."

"राहू दे," मी म्हणालो. "आहे तेच राहील."

या वेळी विधी घरीच होता. गुरुजी तेच. काका आले, पाट मांडलेला पाहिला, माझा हात पाहिला. तीच पट्टी, तेच पट्टे, नखावर तोच हूक.

"सोड ते."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"सोडणार नाही, काका. गेल्या वर्षी सोडलं तेव्हाच तुटलं. पिंड करताना."

त्यांना ते मी कधी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं, मुळात टाकेच कच्चे पडले. ते एकदम भिंतीला टेकून बसले. मग चेहरा परत आवळला.

"बरं. मग तू बस, मी करतो. भाऊ आहे मी त्याचा."

"मुलगा समोर बसलेला असताना?"

"अरे पण कसं करणार तू?"

"डाव्या हाताने."

काकांचा आवाज चढला. "डाव्या हाताने आपण भिकाऱ्यालासुद्धा काही देत नाही! आणि बापाला पाणी? त्याला पोचेल ते? गुरुजी, सांगा याला!"

गुरुजी माझ्याकडे पाहत होते. त्यांनी दर्भाचं पवित्रक उचललं, उजव्या हाताची पट्टी पाहिली, रबर बँड पाहिला, आणि विचारलं, "हे रबर काढलं तर काय होतं?"

"कदाचित परत तुटेल. तिसऱ्यांदा जोडता येणार नाही."

"आणि डाव्याने केलं तर?"

"तर काका माझ्याशी बोलणार नाहीत."

"मग डावा पुढे करा," गुरुजी म्हणाले आणि माझ्या डाव्या अनामिकेत पवित्रक घातलं. काका उठले आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पाठ करून बसले. सगळा विधी होईपर्यंत मला दारातून त्यांचा खांदा दिसत होता. माझा डावा हात अनाडी होता. पाणी दोनदा नको तिथे सांडलं, एक पिंड लांबट झाला. मी घाई केली नाही. प्रत्येक वेळी नाव, गोत्र, पाणी. उजवा हात मांडीवर होता. रबर त्याला आत ओढत होता आणि मी तासातासाने बोट उघडायचं ठरलेलं काम मंत्रांच्या मधेच उरकत होतो. वडिलांना ते पोचलं का, मला माहीत नाही. काकांनाही माहीत नाही. पण मी कमी दिलं नाही. एवढं मला माहीत आहे आणि त्यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

काका दोन महिने खरंच बोलले नाहीत. सहा आठवडे झाल्यावर पट्टी निघाली आणि बाईंनी पहिल्यांदा म्हटलं, "अब खुद मोड़ो." मी मनातल्या मनात बोटाला ढकललं. टोक हललं. गव्हाच्या दाण्याएवढं. बाईंनी टेबलावर थाप मारली, "ज़िंदा है!" शेजारच्या टेबलावरचा गुडघेवालाही वळून पाहायला लागला.

पुढे रोज थोडं थोडं. एका दुपारी मी बोट वाकवत असताना जिन्यावर ओळखीचा खोकला ऐकू आला. काका. एक मजला चढून धाप लागलेले, टोपी हातात. येऊन बाकावर बसले. मी माफी मागितली नाही. त्यांनीही नाही. ते नुसते पाहत होते.

बाईंनी माझं बोट वाकवत आणलं, तळहातापासून दोन बोटं अंतरावर ते अडलं. माझ्या कपाळावर घाम आला.

"वाकतंय की रे," काका म्हणाले. मग बाईंना, अदबीने, सरकारी उर्दूत, "बस कीजिए मोहतरमा. बच्चे को तकलीफ हो रही है."

"कित्ते बरस का है बच्चा?"

"पंचेचाळीसचा," मीच मराठीत सांगितलं.

बाई हसल्या नाहीत. बोट तसंच धरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "क्या करूँ, मास्टरसाब? चचा बस बोलते."

काकांचे डोळे भरून आले होते. त्यांनी हात पुढे केला, जणू माझं बोट बाईंच्या हातातून सोडवून घ्यायला. या माणसाने आयुष्यभर मला दुखू नये म्हणून धडपड केली होती. दहा मिनिटांसाठी पट्टा सोडायला सांगितला तोही, दादाला काही कमी पडलं असं मला जन्मभर वाटू नये म्हणून. हे मला त्या बाकाकडे पाहताना कळलं. कळलं, तरी मी त्यांचं ऐकणार नव्हतो.

"और," मी म्हणालो.